रायपूरच्या मुलांचा श्वास कोण मोजतो?

भारतातील बालदम्याविषयी अलीकडे सर्वाधिक उद्धृत होणारे आकडे ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या भारतीय पाहणीतून आले आहेत. ही पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. सहा-सात वर्षांची वीस हजारांवर मुले, तेरा-चौदा वर्षांची सुमारे सव्वीस हजार मुले आणि ऐंशी हजारांहून अधिक पालक तिच्यात सहभागी होते. मागील बारा महिन्यांत छातीत घरघर झाल्याचे लहान मुलांपैकी ३.१६ टक्के आणि किशोरवयीनांपैकी ३.६३ टक्के जणांच्या बाबतीत नोंदले गेले. हे प्रमाण अनेक देशांच्या तुलनेत कमी भासते आणि त्यामुळे क्षणभर हायसे वाटते. परंतु त्याच शोधनिबंधातील पुढचे वाक्य वाचले की ते समाधान टिकत नाही. घरघर असल्याचे सांगणाऱ्यांपैकी ८२ टक्के व्यक्तींना दमा असल्याचे कोणीही कधी सांगितलेले नव्हते. तीव्र दम्याची लक्षणे असणाऱ्यांतही ७० टक्के जण निदानाविना होते. श्वासावाटे रोज घ्यावयाचे स्टेरॉइड, म्हणजे या आजाराचा मूळ उपचार, घरघर असणाऱ्यांपैकी अडीच टक्क्यांनाही मिळत नव्हता.

ही पाहणी देशातील नऊ केंद्रांवर झाली: चंदीगड, दिल्ली, जयपूर, बिकानेर, लखनौ, कोलकाता, पुणे, म्हैसूर आणि कोट्टायम. नकाशावर ही नावे टिपत गेल्यास देशाच्या मध्यभागी एक मोठी रिकामी जागा उरते. नागपूर त्यात नाही, भोपाळ नाही, रांची नाही, भुवनेश्वर नाही आणि रायपूरही नाही. ज्या पट्ट्यात देशाचा कोळसा निघतो, जिथे लोखंड वितळते आणि विजेचे मोठे कारखाने उभे आहेत, तो पट्टा बालकांच्या श्वसनविकारांच्या या मोजणीतून जवळजवळ संपूर्ण निसटला. संशोधकांनी तो जाणूनबुजून टाळला असे म्हणता येत नाही. अशा पाहण्या जिथे उत्साही संशोधक, सहकार्य करणाऱ्या शाळा आणि पूर्वीच्या नोंदी असतात तिथे होतात. पण त्याचा परिणाम व्हायचा तोच होतो. राष्ट्रीय सरासरी म्हणून जो आकडा फिरतो, त्यात रायपूरचे एकही मूल नसते.

मराठी वाचकाला रायपूर अगदीच परके नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात नांदत होते. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आजही नागपूरनंतरचे मोठे शहर तेच. २००० साली राज्याची राजधानी झाल्यावर ते झपाट्याने वाढले आणि त्याच्या उत्तरेकडील उरला, सिलतरा, भनपुरी या औद्योगिक वसाहतीही वाढल्या. तिथे स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्ट्या आहेत, इंडक्शन भट्ट्या आहेत, रोलिंग मिल आहेत. दगडी कोळसा आणि लोहखनिज एकत्र तापवून, न वितळवता, लोखंड वेगळे करण्याची ही पद्धत स्वस्त आहे आणि धुरकटही. त्या बाजूच्या वस्त्यांत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या काळ्या भुकटीची तक्रार जुनी आहे.

हवेचे मोजमाप मात्र रायपुरात होते, आणि ते चांगलेही होते. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्राध्यापक शम्श परवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे या परिसरातील धूलिकणांचा पाठपुरावा केला आहे. कारखान्यांच्या धुराबरोबरच घरगुती इंधन, मंदिरांतील धूप-दीप आणि विवाहस्थळांवरील धूर यांतून काय बाहेर पडते, हेही त्यांनी तपासले. उदबत्ती आणि मांडवातला धूर प्रयोगशाळेच्या नळीत घेण्याची ही कल्पना वरकरणी गमतीची वाटते. पण लहान मुले ज्या हवेत प्रत्यक्ष वावरतात ती हीच. छतावरच्या यंत्रापर्यंत जाणारी हवा आणि नाकापर्यंत येणारी हवा यांत पुष्कळ अंतर असते. छत्तीसगडी घरांत बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला शेक देण्यासाठी ‘गोरसी’ पेटवतात. मराठी घरांत बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवली जाणारी शेगडी ती हीच. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत फुप्फुसात जाणारा धूर कोणत्याही शहरी निरीक्षणकेंद्राच्या तक्त्यात येत नाही. डासांच्या कॉइलचेही तसेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे वस्तुमान ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरते. ती कॉइल बहुधा मुलांच्या अंथरुणाजवळच लावलेली असते.

आता मापनाच्या एका गोष्टीपाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि रायपूर, भिलाई व कोरबा ही छत्तीसगडची तीन शहरे त्यात आली. शहराची प्रगती मुख्यतः पीएम-१० या मापाने ठरते, म्हणजे दहा मायक्रॉन वा त्याहून लहान सर्व कणांच्या एकूण वजनाने. वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. दहा मायक्रॉनचा एक कण एक मायक्रॉनच्या हजार कणांइतका जड असतो. म्हणून रस्त्यावरची धूळ झाडली, पाणी शिंपडले, की तक्त्यातला आकडा खाली येतो. भट्टीतून निघणारे हजारो बारीक कण मात्र तराजूत जवळपास दिसतच नाहीत. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या आढाव्यात या कार्यक्रमाच्या निधीपैकी सुमारे ६४ टक्के रस्त्यावरील धुळीवर खर्च झाल्याचे दिसले. औद्योगिक प्रदूषणाच्या वाट्याला एक टक्काही आला नव्हता. मोठी धूळ निरुपद्रवी असते असे नाही. दमेकरी मुलाला तीही त्रास देते. पण नाक आणि घसा तिच्यातला बराच भाग अडवतात. अडीच मायक्रॉनखालचे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि झाडूला ते सापडत नाहीत.

फुप्फुसाच्या बाजूने पाहिले तर हिशेब आणखी कठोर आहे. श्वासनलिकेतून शांतपणे वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध नलिकेच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. प्रौढाची आठ मिलिमीटर रुंदीची वायुनलिका सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सुजली तर विरोध सुमारे तिप्पट होतो. बालकाची चार मिलिमीटरची नलिका तेवढीच सुजली तर तो सोळा पट होतो. सर्दी एकच, सूज तेवढीच. मोठ्या भावाचे नाक वाहते आणि धाकट्याच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागतात. त्यात लहान मूल वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेते. शिवाय त्याचे फुप्फुस अजून बांधले जात असते. जन्मावेळी असलेले काही कोटी वायुकोश वाढत वाढत तीस-चाळीस कोटींपर्यंत जातात आणि श्वसनक्षमता विशीच्या सुरुवातीला शिखर गाठते. त्यानंतर उतार सुरू होतो, तो सर्वांचाच. ज्याचे शिखर बुटके राहिले, तो उताराच्या तळाशी लवकर पोहोचतो. चाळिशी-पन्नाशीत धाप लागणाऱ्या अनेक माणसांच्या आजाराची सुरुवात अशी शाळेच्या वयात झालेली असते.

अरुंद झालेल्या नलिकेतून हवा वेगाने जाऊ लागली की नलिकेच्या भिंती थरथरतात आणि शिट्टीसारखा सूर निघतो. बालदम्याच्या सगळ्या जागतिक मोजणीचा पाया हा सूर आहे. इथेच संशोधनाची मोठी अडचण भाषेतून उभी राहते. इंग्रजीत त्या आवाजाला एक नेमका शब्द आहे. मराठीत ‘घरघर’ म्हणावे तर कफाची घरघर, मरणासन्नाची घरघर आणि घोरणे हे सारेच त्यात येते. ‘छातीत शिट्टी वाजते’ असे म्हटले तर पुष्कळ पालक चकित होऊन पाहतात. हिंदीतही ‘सीटी जैसी आवाज़’ असे वर्णनच करावे लागते. १९९० च्या दशकात ५६ देशांत, १५५ केंद्रांवर, तेरा-चौदा वर्षांच्या साडेचार लाखांहून अधिक मुलांमध्ये दम्याची पहिली जागतिक पाहणी झाली, तेव्हा संशोधकांना हा प्रश्न चांगलाच जाणवला होता. त्यांनी धाप लागलेल्या मुलांची चित्रफीत तयार केली. ‘तुझा श्वास कधी असा झाला आहे का?’ एवढेच विचारायचे. आवाज ऐकवला की भाषांतराची गरज संपते. साधी युक्ती, पण प्रश्नावलीच्या भाषेवर सर्वस्वी विसंबलेल्या कितीतरी सर्वेक्षणांपेक्षा शहाणपणाची.

शब्दाची दुसरी अडचण याहून अवघड आहे. आवाज ओळखला गेला तरी आजाराचे नाव उच्चारले जात नाही. ‘दमा’ म्हटले की घरातल्यांना खाटेवर बसून धापा टाकणारा म्हातारा आठवतो. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची काळजी त्याच क्षणी सुरू होते. म्हणून ‘अ‍ॅलर्जीचा खोकला’, ‘सर्दी छातीत उतरली’, ‘कफाची प्रकृती’ अशी सौम्य नावे चालतात, आणि डॉक्टरांनाही ती सोयीची जातात. नाव सौम्य, म्हणून उपचारही तात्पुरता. खोकल्याचे पातळ औषध, प्रतिजैविकांचा एक कोर्स, रात्री फार त्रास झाला तर दवाखान्यात वाफेचे यंत्र. पंप, म्हणजे इनहेलर, सवय लावतो अशी समजूत पुण्यात आढळते तशी रायपुरातही. वास्तविक साल्ब्युटामॉलची गोळी वा पातळ औषध मिलिग्रॅममध्ये द्यावे लागते, कारण ते आधी पोटात, मग रक्तात, मग सर्व शरीरात फिरते. पंपाच्या एका दाबात शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग असतो, आणि तो हवा तिथेच जातो. कमी औषधाला ‘जोरदार’ म्हणून घाबरायचे आणि अधिक औषध चमच्याने निश्चिंतपणे पाजायचे, असा हा उलटा व्यवहार आहे. आणि पंपातही केवळ साल्ब्युटामॉलवर भागवण्याची सवय वाईटच. बारा वर्षांवरील मुलांनी आणि प्रौढांनी एकट्या त्या औषधावर राहू नये, असे दम्याविषयीची जागतिक मार्गदर्शिका २०१९ पासून सांगत आहे. ते नलिका मोकळी करते, सूज कमी करत नाही.

लहान मुलाला पंप ओढता येत नाही म्हणून मध्ये स्पेसर ही पोकळ नळी लागते. ती महाग पडते, हे कारण अनेकदा ऐकू येते. केपटाऊनमध्ये हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर करून तो विकतच्या स्पेसरशी ताडून पाहिला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: योग्य रीतीने बसवलेली बाटली तितकीच उपयोगी ठरली. उपायाची किंमत ही खरी अडचण नाही, हे त्या बाटलीने पंचवीस वर्षांपूर्वीच दाखवले. अडचण निदानाची आहे, आणि मुलापर्यंत पोहोचणाऱ्या माणसाची.

असा माणूस तयार करता येतो याचा पुरावा छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीत आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूमोनियाचे निदान गावातल्या दाई आणि आरोग्यसेवकांच्या हाती दिले. आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी त्यांनी मणी ओवलेले एक यंत्र तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. एका मिनिटाची वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनिया. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, प्रयोगाच्या गावांतील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी आढळले. फुप्फुसाच्या आजाराचे विज्ञान एका मिनिटात आणि काही मण्यांत मावू शकते, हे मराठी मुलखातून जगाला कळले. न्यूमोनिया हा तीव्र आजार. तो येतो, मारतो किंवा जातो. दमा येत-जात राहतो, आणि तपासणीच्या दिवशी मूल बहुधा ठणठणीत असते. म्हणून त्याच्यासाठी एका मिनिटाचे यंत्र पुरत नाही. महिनोनमहिने तेच मूल पाहणारे कोणीतरी लागते.

रायपूरच्या बाजूने पाहता हे कोणीतरी तिथे आहे. छत्तीसगडने २००२ मध्ये ‘मितानिन’ योजना सुरू केली. मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जिवलग मित्र. मितानिन ही गावाची अशी मैत्रीण. पुढे देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेला या अनुभवाचा आधार मिळाला. आज राज्यात अशा सुमारे सत्तर हजार स्त्रिया आहेत आणि त्यांना प्रशिक्षण देणारे राज्य आरोग्य संसाधन केंद्र रायपुरात आहे. एम्स २०१२ पासून तिथे आहे. विद्यापीठात हवेचे रसायन जाणणारे लोक आहेत. एखाद्या शहरात दीर्घकालीन बाल-श्वसन अभ्यास उभारायला जे तीन हात लागतात, ते रायपुरात एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत.

अशा अभ्यासाने काय साधते याचे सर्वांत चांगले उदाहरण दक्षिण कॅलिफोर्नियाचे. तिथे शाळकरी मुलांच्या तुकड्यांची फुप्फुसे वर्षानुवर्षे, त्याच मुलांची, मोजली गेली. २००४ साली निष्कर्ष आला: अठराव्या वर्षी श्वसनक्षमता लक्षणीय कमी असणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत कमी सूक्ष्मकण असलेल्या वस्तीत १.६ टक्के, तर सर्वाधिक असलेल्या वस्तीत ७.९ टक्के. त्यानंतरच्या वर्षांत त्या प्रदेशाची हवा सुधारत गेली, आणि २०१५ मध्ये दुसरा निष्कर्ष आला, जो विज्ञानात क्वचितच वाट्याला येतो. नव्वदीच्या दशकातल्या तुकडीत पंधराव्या वर्षी क्षमता कमी असणारी मुले ७.९ टक्के होती. २००७ ते २०११ च्या तुकडीत ती ३.६ टक्क्यांवर आली. (दोन्ही अभ्यासांत ७.९ हाच आकडा येणे हा निव्वळ योगायोग.) हवा स्वच्छ झाली तेव्हा मुलांची फुप्फुसे खरोखर मोठी वाढली. हे विधान छातीठोकपणे करता आले, कारण बिघाडाच्या काळातच कोणीतरी मोजायला सुरुवात केली होती.

रायपुरात मोजणी सुरू झाली तर पहिलाच प्रश्न ‘सामान्य’ कशाला म्हणायचे हा येईल. स्पायरोमीटर मुलाची तुलना त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी मुलांशी करतो. ही निरोगी मुले कोणाची? कर्नाटकात शहरी, निमशहरी आणि ग्रामीण निरोगी मुलांची क्षमता तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शहरी मुले ब्रिटनमधील भारतीय वंशाच्या मुलांच्या बरोबरीने आढळली. निमशहरी आणि ग्रामीण मुले मात्र मागे होती. वंश तोच, फुप्फुस लहान. भारतीयांची फुप्फुसे जात्याच लहान असतात, असे सांगत ही तफावत अनेक दशके झाकली गेली. बस्तर किंवा कवर्ध्याहून येऊन उरल्याच्या वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला स्थानिक सरासरीशी ताडले तर तो सामान्य ठरेल, आणि ती सरासरीच कुपोषणाने व धुराने खाली ओढलेली असेल. पाच वर्षांखालील मुलांना तर जोराने फुंकर मारायला सांगून उपयोगच नसतो. त्यांच्यासाठी शांत श्वास चालू असताना तोंडातून सूक्ष्म ध्वनिलहरी सोडून नलिकांचा विरोध मोजण्याची पद्धत आहे. तिचे तत्त्व १९५६ पासून ठाऊक आहे. मोठ्या खासगी रुग्णालयांपलीकडे ती यंत्रे फारशी दिसत नाहीत.

छत्तीसगडमध्ये याला आणखी एक पदर आहे, जो कॅलिफोर्नियातही नव्हता आणि त्या नऊ केंद्रांपैकी बहुतेकांना ठाऊक नसेल. हा सिकलसेलचा पट्टा आहे. विदर्भाच्या पूर्व भागातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. या आजारात प्राणवायू कमी झाला की लाल पेशीतील हिमोग्लोबिनच्या साखळ्या जुळतात आणि पेशी विळ्यासारखी ताठर होते. दम्याचा झटका म्हणजे नेमकी प्राणवायूची घट. सिकलसेलच्या मुलाला दमाही असेल तर वेदनेचे झटके आणि फुप्फुसातील रक्तवाहिन्या तुंबून उद्भवणारी जीवघेणी अवस्था, दोन्ही अधिक वेळा येतात, हे परदेशी अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. अशा मुलाच्या छातीतल्या घरघरीला ‘सर्दी उतरली’ म्हणून सोडून देणे परवडत नाही.

रायपुरात सिकलसेल संस्था आहे. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेखाली तपासणी आणि ओळखपत्रांचे वाटपही चालू आहे. या मुलांची नोंद झालेली आहे; औषधासाठी ती ठरावीक काळाने येतात, सोबत आई असते, पुष्कळदा मितानिनही. दम्याच्या सर्वेक्षणाला जे सहसा मिळत नाही, म्हणजे तेच मूल पुन्हा पुन्हा, ते या ओळीत आयते बसलेले असते. त्या प्रतीक्षाकक्षात एक स्पायरोमीटर, धाप लागलेल्या मुलाची ती छोटी चित्रफीत आणि तपासणीच्या कार्डावर श्वासासाठी एक रकाना, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.